दिवे लावण्याचा पहिला धडा

रात्री गाडी चालवताना तुम्हाला नीट दिसत नाही. ऐकून वाईट वाटलं. त्यातून तुम्ही मुंबईत शीवला राहता, म्हणजे जिथे राणी लक्ष्मीबाई चौकापासून किंग्ज सर्कलपर्यंत रस्त्यावरचे दिवे, दुकानांच्या पाट्या, सिग्नल आणि पुढच्यांचे ब्रेकलाइट मिळून एवढा लखलखाट असतो की पडलेली टाचणीही सापडावी. अशा ठिकाणी न दिसणं ही साधीसुधी अडचण नव्हे. हॅलोजनचे बल्ब काढून एलईडी टाकणं हाच तिच्यावर उपाय आहे, असं सोसायटीत ज्याने नुकतेच टाकलेत तो तुम्हाला सांगेल. त्याचं ऐका. तो समोरून आला की त्याच्याकडे बघवत नाही, एवढा अधिकार पुरे.

१. आधी अंधार मिळवा.

शीवमध्ये तो मिळणार नाही. रात्री दहाला सर्कलवर गाड्या ज्या वेगाने सरकतात त्या वेगाला मेणबत्तीही चालून जाते. रेल्वेवरचा १९१२ सालचा पूल १ ऑगस्ट २०२४ पासून पाडकामासाठी बंद झाला, तेव्हा तर शीवकरांनी हेडलाइटपेक्षा क्लचच जास्त वापरला. म्हणून घरात कारण द्यायचं ते गणपतीचं. ‘गावाला रात्रीचं निघावं लागतं, कशेडी घाटात काही म्हणजे काही दिसत नाही.’ हे कोणी खोडून काढत नाही. मुंबई-गोवा महामार्गाविषयी काहीही वाईट सांगितलं तरी कोकणातल्या माणसाला ते पटतंच. वर्षातल्या एका रात्रीसाठी केलेली सोय उरलेल्या सगळ्या रात्री दुसऱ्यांच्या डोळ्यांत घालता येते, हा वरचा नफा.

२. फुकटचे उपाय कटाक्षाने टाळा.

दिवसाउजेडी गाडीच्या समोर उभे राहू नका. राहिलात तर दिव्यांवरचं प्लास्टिकचं आवरण उन्हाने पिवळं आणि धुरकट झालेलं दिसेल. ते पॉलिश करून घेतलं की निम्मी तक्रार संपते. पुढच्या काचेवर आतून बोट फिरवून पाहू नका. गाडी पुसायला येणारा पोरगा ज्या फडक्याने चाकं पुसतो त्याच फडक्याने काचही पुसतो, आणि समोरून दिवा आला की त्या तेलकट थरावर सगळा उजेड फिसकटतो. चष्म्याचा नंबर तर मुळीच तपासू नका.

सगळ्यांत धोकादायक वस्तू स्टिअरिंगच्या बाजूला, खाली गुडघ्यापाशी असते. ० ते ३ आकडे लिहिलेली एक छोटी चकती. डिकीत सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं आणि झोतही वर जातो. तो खाली आणायला ही चकती. ० वर झोत सर्वांत लांब पडतो, ३ वर सर्वांत जवळ. एखाद्या गाडीत मागे कधीतरी पोराने खेळता खेळता ती ३ वर नेलेली असते, आणि मालक ‘कंपनीचे दिवेच बोगस’ म्हणत दुकानं पालथी घालत असतो. तुमचीही ३ वर असेल तर हात लावू नका. ० वर आणलीत आणि रस्ता दिसायला लागला, तर पुढच्या सगळ्या पायऱ्या वाया जातील.

३. खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा निवडा.

कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या दुकानांत जा. साध्या एच-फोर हॅलोजनचं माप ठरलेलं आहे: ६०/५५ वॉट, अपरला, म्हणजे लांबच्या झोताला, साधारण १६५० लुमेन, डिपरला, म्हणजे जवळच्या झोताला, १०००. हातातल्या एलईडीच्या खोक्यावर २०,००० लिहिलेलं असेल. भागाकार करू नका. दुकानदार काउंटरवरच्या बॅटरीला वायर लावून बल्ब तुमच्या तोंडावर पेटवेल आणि म्हणेल, ‘सर, रात को दिन दिखेगा.’ पुढची दोन मिनिटं तुम्हाला काहीच दिसणार नाही. माल चोख असल्याची खूण हीच.

शेजारी केल्विनचा आकडा असतो. तो उजेडाचा नव्हे, रंगाचा. हॅलोजनचा पिवळसर रंग ३२००च्या आसपास, बाजारातल्या एलईडीचा ६०००, आणि हौशी मंडळींसाठी ८०००, म्हणजे निळा. निळ्या एलईडीसाठी २०१४ साली अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याचा शेवट वॅगनआरच्या बंपरवर होईल याची त्यांना काय कल्पना. पिवळ्या उजेडाची माया बाळगू नका. २०१५ साली मरीन ड्राइव्हवरचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तेव्हा दिव्यांच्या त्या रांगेचा ‘राणीचा हार’ फिका पडला म्हणून गावभर ओरड झाली आणि गाऱ्हाणं उच्च न्यायालयापर्यंत गेलं. तुमच्या दिव्यांसाठी कोणी न्यायालयात जाणार नाही. लोक जागच्या जागीच काय ते बोलतील.

४. बसवताना फार खोलात शिरू नका.

इथे थोडं शास्त्र सांगतो, म्हणजे त्याकडे दुर्लक्ष नेमकं कसं करायचं ते कळेल. हॅलोजनचा उजेड एका बारीक तारेतून निघतो, आणि तिच्यामागची चकचकीत वाटी त्या तारेची जागा धरूनच घडवलेली असते. तार मिलिमीटरभर इकडे-तिकडे झाली तरी झोत भलतीकडे जातो. डिपरच्या तारेखाली तर पत्र्याची इवलीशी पन्हळ असते. खालच्या बाजूने निघून वर उसळणारा उजेड ती अडवते, म्हणून झोताला वरून सुरीने कापल्यासारखी कड येते आणि समोरच्याच्या डोळ्यांत काही जात नाही. एलईडीमध्ये तार नाही. एका पट्टीच्या दोन बाजूंना चिपा चिकटवलेल्या. त्यांची तोंडं बरोबर डावीकडे आणि उजवीकडे यायला हवीत, तारेच्या जागीच यायला हवीत आणि तारेएवढीच बारीक हवीत. तीनपैकी एक जमलं तरी नशीब. कारखान्यातूनच एलईडी घेऊन आलेल्या गाड्यांची गोष्ट वेगळी, त्यांची वाटी आणि भिंग त्या चिपेसाठीच घडलेलं असतं. पण ते भाग्य तुमच्या गाडीचं नाही, आणि तिला तसं सांगून दुखवू नका.

आता दुकानातला पोरगा बॉनेट उघडून आत हात घालेल. एलईडीची उष्णता मागच्या बाजूने बाहेर काढावी लागते, म्हणून बल्बच्या पाठीला पंखा असतो, आणि पंख्यामुळे दिव्यामागचं रबरी टोपण बसत नाही. पोरगा ते बाहेर काढेल, बोटावर ताणून धरेल, खिशातल्या अर्ध्या ब्लेडने मधोमध गोल कापेल आणि कापलेली चकती गटारात टाकेल. टोपणाचं काम काय, असं विचारू नका. उत्तर जूनमध्ये मिळतं.

५. भिंतीवर झोत लावून पाहा.

नियमाने गाडी सपाट जमिनीवर, भिंतीपासून २५ फुटांवर उभी करायची, दिव्याच्या उंचीवर भिंतीला चिकटपट्टी लावायची, आणि झोताची वरची कड पट्टीच्या थोडी खाली येईल असा स्क्रू फिरवायचा. फार सोपं आहे. आता शीवमध्ये जिच्यासमोर २५ फूट जागा मोकळी आहे आणि कोणाचीच गाडी उभी नाही अशी भिंत शोधा. नाही ना? पुढे चला.

६. रस्त्यावर उतरा.

पहिल्या रात्री मन भरून येईल. बंपरपुढचे पंधरा-वीस फूट असे झगझगतील की डांबरातला खडा न् खडा मोजावा. त्या झगझगाटाने डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात आणि दूरचा रस्ता आधीपेक्षा काळा पडतो. तुम्ही समाधानी राहा. ताशी ८० वेगाला खड्डा लांबून दिसावा लागतो खरा, पण इतक्या जवळून इतका स्वच्छ खड्डा तुम्ही याआधी कधी पाहिला होता?

उरलेला उजेड समोरच्यांसाठी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६वा नियम म्हणतो की, गाडीपासून आठ मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपवू नये. दीड मीटर म्हणजे साधारण रस्ता ओलांडणाऱ्या बाईच्या डोळ्यांची उंची. रात्रपाळीला टिळक रुग्णालयात निघालेली नर्स कपाळावर आडवा हात धरून दुभाजकापाशी थांबेल. ती थांबली ते तुम्हाला दिसलं, ही एलईडीची किमया. हात का धरला ते विचारायला काच खाली करू नका. साठीच्या पुढच्या माणसांना दिपलेले डोळे पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागतो. त्यांच्यासाठी मनात हळहळ बाळगा, अपरवरच राहा.

डिपरचं काय करायचं, हा प्रश्न नवशिके विचारतात. ट्रकमागे ‘यूज डिपर ॲट नाइट’ लिहिलेलं असतं ते वाचा. तुमच्या उजेडात ते छानच वाचता येईल. समोरच्याने डिपर मारला तर तो नमस्कार समजून अपरने परत करा. खरं तर चिपा वाकड्या बसल्यामुळे आता तुमच्या अपर-डिपरमध्ये फारसा फरक उरलेला नाही, त्यामुळे ही चिंताही मिटली. द्रुतगती मार्गावर मधोमध कण्हेर आणि बोगनवेल लावलेली असते. ती शोभेची आहे असं लोक समजतात. पलीकडच्या दिव्यांपासून डोळे वाचवणं हेही तिचं एक काम. तिची छाटणी झालेली जागा बघून ठेवा.

७. इतर मागे राहणार नाहीत याची खात्री बाळगा.

महिनाभरात सोसायटीतल्या सर्वांना दिसेनासं होईल. कारण तुम्ही. तेही सीएसटी रोड गाठतील, आणि त्यांच्यामुळे तुम्हाला दिसेनासं होईल. मग फॉगलाइट, त्यानंतर टपावरची एलईडीची पट्टी. काचांना काळी फिल्म लावून सुटका करून घ्यावी असं मनात येईल, पण तिच्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच बंदी घातली आहे. शीवच्या हद्दीवर थांबणारे रिक्षावाले या शर्यतीत नाहीत. त्यांच्यातला एखादा बॅटरी वाचवायला दिवा लावतच नाही. तो तुम्हाला अगदी शेवटच्या क्षणी दिसेल.

८. पावसाळ्यात धीर धरा.

पांढरा उजेड पावसाच्या धारांवरून उसळून तुमच्याच डोळ्यांत परत येतो, आणि ओल्या रस्त्यावरून पुढे उसळून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. काळ्या डांबरावर तो पडलाय की नाही हेही कळत नाही. गांधी मार्केटपाशी पाणी साचलं की कापलेल्या टोपणातून ते दिव्यात शिरतं, काचेच्या आतून वाफ धरते, आणि एका संध्याकाळी डावा दिवा लुकलुकून बंद पडतो. एका दिव्याने चालवा. लांबून तुम्ही मोटारसायकल वाटाल आणि समोरचा तुमच्या बाजूने हक्काने घुसेल. जुने हॅलोजन तुम्ही दुकानातच सोडून आलात ना? ते पोराने पुढच्या गिऱ्हाइकाला विकले. कोणीतरी परत हॅलोजनवर गेला म्हणायचा.

९. कायद्याला घाबरू नका, पण जवळ सुटे पैसे ठेवा.

गाडी कंपनीने जशी नोंदवून दिली तशीच ठेवावी, असं मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम सांगतं, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाने केलेल्या बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद केली. नाकाबंदीत हवालदार थांबवायला हात वर करेल तेव्हा तो थांबवतोय की डोळे झाकतोय हे लगेच कळत नाही, म्हणून हळू व्हा. कागदपत्रं काढून द्या. तो ती तुमच्याच दिव्यांपुढे धरून वाचेल. चलन फाडलं तर हुज्जत घालू नका, नशिबाची थट्टा म्हणून सोडून द्या. फक्त दोन दिवे म्हणजे बदल एक की दोन, हे त्याला आपणहून विचारू नका.