हृदयाचं संशोधन कसं करावं: देवास गेटवरून निघणाऱ्यांसाठी

उज्जैनला देवास गेटच्या बसस्टँडवर इंदूर, देवास, आगर अशा पाट्यांच्या गाड्या लागतात. 'हृदयरोग संशोधन' अशी पाटी असलेली गाडी लागत नाही, हे नवशिक्याने आधीच ध्यानात घ्यावं आणि चौकशीच्या खिडकीत बसलेल्या माणसाला छळू नये. एमबीबीएस इंटर्नशिपसकट साडेपाच वर्षं, एमएस तीन, एमसीएच आणखी तीन. साडेअकरा वर्षांनी तुम्ही सुरुवात करण्याच्या लायकीचे होता. प्रवेशपरीक्षेच्या क्लासांत गेलेली वर्षं यात धरलेली नाहीत. ती कोणीच धरत नाही. तोवर समोर पोहे-जिलबी मिळते. पोह्यांवर सेव किती घ्यावी हा प्रश्न फिजिशियनचा आहे, सर्जनचा नव्हे. सर्जनकडे माणूस सेव खाऊन झाल्यावर येतो.

आता साहित्य. सगळ्यात आधी एक गुरू लागतो. आमची शिफारस हृदयाचे सर्जन डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांची. ते १९८२ साली गेले, त्यामुळे ते तुम्हाला राउंडला सर्वांसमोर झापणार नाहीत, हा मोठा फायदा. जन्म कोलकात्याचा, शिक्षण नागपुरात आणि पुढे मुंबईत परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात, आणि कारकीर्द तिथल्याच केईएम हॉस्पिटलात. उज्जैनच्या मराठी घरांत आडनाव ऐकलं की 'म्हणजे मूळचे कुठले?' हा प्रश्न चहाच्या आधी येतो. सेनांच्या बाबतीत 'परळचे' असं सांगून मोकळं व्हावं. मुंबई गाठायला अवंतिका एक्सप्रेस आहे. संध्याकाळी उज्जैनला बसलं की सकाळी उतरायचं. माळव्यातले पेशंट एक्स-रेची पाकिटं उराशी धरून याच गाडीने जात आले आहेत. संशोधनाचा कच्चा माल तुमच्याच डब्यात बसलेला असतो, तेव्हा खिडकीची जागा त्याला द्यावी.

पहिला धडा पेशंट गमावण्याचा. तो कुठल्याही अभ्यासक्रमात नसतो, पण त्याच्याशिवाय या शास्त्राचं पान हलत नाही. संधिवाती तापाने हृदयातली मायट्रल झडप चिकटते, तिचं तोंड आकसतं, रक्त फुप्फुसांत तुंबतं आणि विशीतली बाई दोन जिने चढताना धापा टाकते. फिलाडेल्फियाच्या चार्ल्स बेली यांनी ही झडप उघडायची ठरवलं, आणि त्यांचे सुरुवातीचे पेशंट एकामागून एक दगावले. हॉस्पिटलं दारं लावून घेऊ लागली. तेव्हा १० जून १९४८ या दिवशी बेलींनी दोन वेगवेगळ्या हॉस्पिटलांत दोन ऑपरेशनं लावली. सकाळचा पेशंट गेला. तिथली बातमी इथे पोचून कोणी अडवायच्या आत त्यांनी दुपारी एका बाईचं ऑपरेशन उरकलं, आणि ती वाचली. नवशिक्याने हा प्रकार करून पाहू नये. आता एथिक्स कमिटी असते आणि फोनही असतात. बेली धाडसी होते की बेदरकार, यावर आम्ही अजून मत बनवलेलं नाही. ती बाई वाचली नसती तर मात्र सगळ्यांचं मत त्याच संध्याकाळी बनलं असतं.

पुढच्याच वर्षी सेन फिलाडेल्फियाला शिकायला गेले. परत आल्यावर केईएममध्ये त्यांनी मायट्रल झडपा उघडायला सुरुवात केली. कृती सांगायला सोपी आहे. धडधडत्या हृदयाच्या डाव्या कप्प्याला एक छोटा कानासारखा भाग असतो, त्यातून बोट आत सारायचं आणि चिकटलेली झडप चाचपून मोकळी करायची. दिसत काही नाही. शर्टाच्या आतल्या खिशातली किल्ली शोधावी तसं, फक्त खिसा मिनिटाला शंभर वेळा मिटतो आणि उघडतो.

दुसरा धडा सापाचा. उज्जैनच्या माणसाला हा जड जाऊ नये. महाकालाच्या वरच्या मजल्यावरचं नागचंद्रेश्वराचं दार वर्षातून एकदा, नागपंचमीला उघडतं आणि आपण त्यासाठी रात्रभर रांगेत उभे राहतो. सेनांनी रांग लावली नाही, थेट सरपटणाऱ्या प्राण्यांचं हृदय बघितलं. तिथे हृदयाच्या भिंतीला बरंचसं रक्त बाहेरच्या धमन्यांतून नव्हे, आतल्या कप्प्यातूनच बारीक पोकळ्यांमधून मिळतं. मग माणसाच्या धमन्या तुंबल्या असतील तर भिंतीला सुईने भोकं पाडून तशीच सोय का करू नये? १९६५ साली त्यांच्या चमूने हा प्रयोग प्रसिद्ध केला आणि त्याला ॲक्युपंक्चर असं नाव दिलं. भोकं यथावकाश बुजतात, असं पुढे दिसून आलं. कल्पना मात्र बुजली नाही. सुईच्या जागी लेझर आलं, १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला सरकारी मान्यता मिळाली, आणि लेझरनेही पेशंटचं दुखणं का कमी होतं यावर तज्ज्ञांचं एकमत झालं नाही. इथून शिकायचं ते एवढंच, की कल्पना चुकीच्या कारणासाठीही बरीच वर्षं जगते. तुमची जगली तर फार हुरळू नका.

सोबत प्रयोगशाळा लागते आणि त्या काळी तिथे कुत्री लागत. देवास गेटवरच्या कुत्र्यांकडे त्या नजरेने पाहू नये. ती तुमच्याहून जुनी रहिवासी आहेत.

तिसरा धडा कीर्तीचा, आणि तो आम्ही मुद्दाम आखूड ठेवतो आहोत. ३ डिसेंबर १९६७ ला केपटाउनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसात माणसाचं हृदय बसवलं. पेशंट अठरा दिवस जगला आणि डॉक्टर मासिकांच्या मुखपृष्ठांवर गेले. १६ फेब्रुवारी १९६८ ला सेनांनी केईएममध्ये तेच केलं. पेशंट तीन तासांत गेला. त्याच वर्षीचा दुसरा पेशंट चौदा तास जगला. मेंदू मेला म्हणजे माणूस मेला, हे ठरवणारा हार्वर्डच्या समितीचा अहवाल त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये यायचा होता, आणि नवं हृदय शरीराने नाकारू नये यासाठीची चांगली औषधं तर त्याच्याही नंतरची. भारतात अवयवदानाचा कायदा व्हायला १९९४ उजाडलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांना यश आलं. मधली सव्वीस वर्षं सेनांचं नाव सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एका ओळीत बसलं, आणि बहुतेकांना तेवढंच ठाऊक आहे. आमच्या मते ती ओळ त्यांच्या कामातली सगळ्यात पातळ ओळ आहे.

जाड पानं दुसरीकडे आहेत, आणि नवशिक्याने खरा मुक्काम तिथे करावा. केईएममध्ये तरुण मुली येत, ज्यांच्या हातावर रक्तदाबाचं यंत्र भलताच आकडा दाखवी आणि पायाची नाडी लागत नसे. काहींच्या मनगटाचीही लागत नसे. १९०८ साली जपानचे नेत्रतज्ज्ञ ताकायासू यांनी एका तरुणीच्या डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या विचित्र झाल्याचं नोंदवलं होतं, त्याच आजाराचं हे कुटुंब. महाधमनीची भिंत सुजते, जाड होते, आतली वाट अरुंद होते. मूत्रपिंडाची धमनी सापडली की रक्तदाब चढतो. परळला दिसणाऱ्या मुलींमध्ये हा घाव महाधमनीच्या मधल्या, छातीकडून पोटाकडे उतरणाऱ्या भागावर होता. सेन, पॅथॉलॉजीचे किनरे, इंजिनीअर (हे आडनाव) आणि परुळकर या चौघांनी १९६३ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये त्यावर लिहिलं, आणि दहा वर्षांनी सेन, किनरे, केळकर व परुळकर यांचा अख्खा ग्रंथ आला. हे काम कुठल्या मुखपृष्ठावर गेलं नाही. कारण त्यात कोणी कोणाच्या छातीत काही बसवलं नव्हतं. वर्षानुवर्षं नाड्या मोजल्या होत्या, एक्स-रे काढले होते आणि जे वाचले नाहीत त्यांच्या धमन्या बरण्यांत ठेवून चिरून पाहिल्या होत्या.

म्हणून कृती अशी: पेशंटच्या दोन्ही मनगटांना हात लावा. मग पायाला. चार नाड्या, चार आकडे, एक वही. हे काम देवास गेटवरच्या दवाखान्यातही होतं, त्याला अवंतिका लागत नाही. एक पॅथॉलॉजिस्ट मित्र मात्र जन्मभर जपावा. तो सर्जनला 'तुमचं निदान चुकलं होतं' हे इतक्या शांतपणे सांगतो की आधी रागही येत नाही. राग नंतर, घरी गेल्यावर येतो.

शेवटची सूचना धंद्याला मारक आहे, पण दिली पाहिजे. मायट्रल झडप चिकटवणारा तो ताप लहान मुलाच्या घशाच्या दुखण्यातून सुरू होतो. एकदा येऊन गेलेल्या मुलाला दर एकवीस दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलीनचं इंजेक्शन दिलं, तर ताप परतायची आणि झडप आणखी खराब व्हायची शक्यता खूप कमी होते. इंजेक्शन स्वस्त आहे आणि भयंकर दुखतं, त्यामुळे चौथ्या-पाचव्या वेळी मूल येत नाही आणि आई म्हणते, 'आता बरा आहे हो तो.' आगर रोडकडच्या गावांतल्या अशा मुलांची यादी करून, कोण कधी चुकलं आणि का, हे दोन वर्षं नोंदवणं हा उत्तम प्रबंधाचा विषय आहे. त्यात ऑपरेशन एकही नाही, म्हणून तुमचे विभागप्रमुख तो नामंजूर करतील. तरी करा. मुलांच्या मागे घरोघर फिरणारी एएनएमताई भेटली, तर तिचं नाव आभारात टाकू नका, लेखकांत टाका, आणि तुमच्या आधी टाका. विभागप्रमुखांचं नाव शेवटी येतं. शेवटचं नाव मोठ्या माणसाचं असतं, असं त्यांना सांगितलं की ते सही करतात.