बंद पेटीस खुले पत्र

प्रति,
तक्रारपेटी,
मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेरील भिंत, सुविचाराच्या फळ्याखाली.

विषय : विद्यार्थ्यांची सुरक्षितता आणि पेटीची प्रकृती यांबाबत.

महोदया,

शाळेतील तक्रारपेटी ही पत्र्याची किंवा प्लायवूडची, बुटांच्या खोक्याएवढी वस्तू असते. तिला वर एक फट, पुढे एक कुलूप आणि दर्शनी बाजूस रंगाने लिहिलेले नाव असते. महाराष्ट्रातील प्रत्येक शाळेत ती असावी, असे शासनाने 2017 मध्ये बजावले. जे तोंडाने सांगण्याचा धीर होत नाही ते मुलाने निनावी लिहून टाकावे, ही त्यामागील कल्पना, आणि ती चांगली आहे. पेटी नेमकी कोठे टांगावी, या प्रश्नात मात्र अनेक शाळांनी स्वतःची प्रतिभा ओतली. दालनाच्या दाराशी तिच्यावर शिपाईकाका, लिपिक आणि पर्यवेक्षिका यांपैकी कोणाची तरी नजर सतत राहते. त्यामुळे चिठ्ठीवर नाव नसले तरी चिठ्ठी टाकणारा सर्वांना ठाऊक होतो. किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांच्याविरुद्धही तक्रार करण्याची पूर्ण मुभा आहे. फट सर्वांसाठी सारखीच रुंद असते.

पेटीचा दुसरा गुण असा, की तिचा उपयोग लिहिता येणाऱ्यांनाच होतो. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या एका शाळेत ज्या दोन मुलींवर अत्याचार झाला त्या शिशुवर्गातील होत्या. त्या वयात हात फटीपर्यंत पोहोचत नाही आणि अक्षरे अजून पाटीवरच असतात. गोष्ट उघड झाली ती घरी, घरच्यांनी ऐकून घेतले म्हणून. पुढे तक्रार नोंदवून घेण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले, 20 ऑगस्टला संतप्त लोक बदलापूर स्थानकात रुळांवर उतरले आणि मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. 21 ऑगस्टला शासन निर्णयही निघाला : महिन्याभरात सीसीटीव्ही बसवावेत, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी करावी, अनुचित प्रकार घडल्यास 24 तासांच्या आत वरिष्ठांना कळवावे. कंत्राटी सफाई कामगार कोण, कोठला, हे आधी विचारावे, एवढी साधी बाब लेखी द्यावी लागली. गावाकडे गडी ठेवतानाही लोक चार ठिकाणी चौकशी करतात.

कॅमेरा हा पेटीचा धाकटा भाऊ. त्याच्याबाबत तीन कामे वेगवेगळी असतात : तो बसवणे, तो चालू ठेवणे आणि त्याने टिपलेले कोणीतरी पाहणे. निधी पहिल्या कामाला मिळतो, तपासणी पहिल्याच कामाची होते, आणि ‘आपण सीसीटीव्हीच्या निगराणीत आहात’ ही पाटीही त्याच कामात येते. बदलापूरच्या त्या शाळेतील काही दिवसांचे चित्रीकरण सापडत नसल्याचे तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनीच सांगितले होते.

समितीचे तसे नाही. ती कागदावर कधीच बंद पडत नाही. मार्च 2022 च्या शासन निर्णयानुसार प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी ‘सखी सावित्री समिती’ असायला हवी. सदस्यांची नावे व भ्रमणध्वनी क्रमांक फलकावर लावलेले असतात, त्यांतील एखाद्या सदस्याची बदली होऊन दोन वर्षे झालेली असली तरी. बैठक होते, इतिवृत्त लिहिले जाते, ‘एकही तक्रार प्राप्त झाली नाही’ याबद्दल समाधान व्यक्त होते. तक्रार न येणे म्हणजे काही न घडणे, हे समीकरण शाळेच्या गणितात फार जुने आहे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये 13 राज्यांतील 12 हजारांहून अधिक मुलांचे सर्वेक्षण प्रसिद्ध केले. त्यात निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले. बहुतेकांनी तोवर कोणालाच काही सांगितलेले नव्हते. छळ सोसलेल्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा किंचित जास्तच निघाले. तरीही ‘गुड टच, बॅड टच’ची तासिका सुरू होताच मुलग्यांना मैदानावर सोडण्याचा प्रघात अजून टिकून आहे.

मूल बोललेच, तर पुढे काय करायचे हे कायद्याने ठरवून दिले आहे. 14 नोव्हेंबर 2012 पासून, म्हणजे एका बालदिनापासून, मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा लागू आहे. त्याच्या कलम 19 नुसार, असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. शिक्षक, शिपाई, संस्थाचालक कोणीही सुटत नाही. न कळवल्यास कलम 21 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवल्यास एक वर्षापर्यंत. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलाची ओळख उघड होईल असे काही, अगदी त्याच्या शाळेचे नावही, प्रसारमाध्यमांनी छापायचे नसते. या तरतुदीत नाव झाकायचे ते मुलासाठी. संस्थेच्या कार्यालयात तीच तरतूद ‘शाळेचं नाव खराब होईल’ अशी वाचली जाते, आणि पालकांना चहा पाजून ‘मुलीच्याच भविष्याचा विचार करा’ असे सुचवले जाते. त्या चहाला कायद्यात स्वतंत्र कलम नाही; 19 आणि 21 पुरतात.

छडीचा मामला याहून सोपा असायला हवा होता. शिक्षण हक्क कायद्याचे कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करते, आणि तो कायदा 2010 पासून लागू आहे. छडी बऱ्याच शाळांतून गेलीही. तिच्या जागी वर्गासमोर टोमणा आला, आणि त्याला वळ उठत नसल्याने तो तपासणीत सापडत नाही.

इमारत, बस आणि दप्तर यांत पेटीला फारसे काम नसल्याने ते थोडक्यात. 16 जुलै 2004 रोजी तामिळनाडूतील कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातील आग झावळ्यांच्या छपराला लागून 94 मुले गेली. सुरक्षित इमारत हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सांगितले. स्कूलबससाठी 2011 च्या नियमांनी शाळेत परिवहन समिती नेमली. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावे, असा दंडक आहे. वजनकाटा सहसा क्रीडाकक्षात असतो आणि क्रीडाकक्षाला कुलूप.

मनाच्या आरोग्याचा विषय सर्वांत नवा. 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिला. अनेक ठिकाणी हे पद चित्रकलेच्या किंवा शारीरिक शिक्षणाच्या सरांकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून जाते. ते सर प्रेमळ असतील तर मुलांचे नशीब. दूरध्वनीचे मार्ग मात्र खरे आहेत : मुलांसाठी 1098, ज्याची सुरुवात 1996 मध्ये मुंबईतच झाली, आणि मानसिक आधारासाठी 14416. दोन्ही फुकट आहेत. शाळेत मुलांना फोन आणायला बंदी आहे. कार्यालयातील फोन वापरायचा तर कशासाठी, हे आधी सांगावे लागते.

पेटी उघडली जाते तेव्हा आत सहसा तीन प्रकारचा मजकूर सापडतो. चॉकलेटचे कागद, एखाद्या सरांची नक्कल करणारे चित्र, आणि चौघडी घातलेली एखादी चिठ्ठी, वहीच्या मधल्या पानावरची, पेन्सिलीने लिहिलेली : ‘मुलींच्या बाथरूमच्या दाराला आतून कडी नाही.’ त्यावर लाल शाईत शेरा पडतो, ‘निधी उपलब्ध होताच कार्यवाही’, आणि चिठ्ठी फाइलला लागते. फाइल कपाटात जाते. कपाटाला, पेटीला आणि क्रीडाकक्षाला कुलूप आहे. कडी बोटभर लांबीची असते, चार स्क्रूंवर बसते आणि कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळते.

कळावे,
निनावी