रा. रा. खासगी प्रोटोकॉल यांस

मिरकरवाडा, रत्नागिरी



आपण म्हणजे एकाच कंपनीच्या यंत्रांना कळणारी भाषा. गेल्या हंगामात आमच्या बर्फ कारखान्याच्या पॅनेलवर आपलं दर्शन घडलं. कॉम्प्रेसर बंद, पडद्यावर तीन आकडी एरर, दारात लाद्यांसाठी खोळंबलेले तांडेल. त्या तीन आकड्यांचा अर्थ सांगायला पुण्याहून माणूस आला, केबलही त्याचीच, पासवर्डही त्याचाच. निघाली काय, तर एक सैल वायर! तोवर दोन दिवसांत टाकीतलं मिठाचं पाणी कोमट झालं होतं.

आपण एवढ्यावर भागवलं असतंत तर शाई वाया घालवली नसती. पण आपली खरी वतनदारी वीज नियंत्रण केंद्रांत. उपकेंद्रातली पेटी ज्या कंपनीची, केंद्रातला संगणकही तिचाच लागायचा. नाहीतर संवाद बंद. आपल्याला वेसण घालायला १९९५ मध्ये आयईसी ६०८७०-५-१०१ हे खुलं मानक आलं, २००० मध्ये नेटवर्कवर चालणारं १०४. आपण काय केलंत? दारावर १०४ ची पाटी लावलीत नि आतच राहिलात. या मानकासोबत एक यादी असते, पेटीला त्यातलं काय काय येतं त्यावर कंपनीनं खुणा करायच्या. दोन कंपन्यांनी निरनिराळ्या ओळींवर खुणा केल्या की दोन्ही पेट्या १०४ वाल्या, पण एकमेकींना ओळख देत नाहीत. मग मध्ये दुभाषा म्हणून गेटवे विकायला आपलाच मेहुणा हजर!

जयगडची कोळशाची वीज नि अंजनवेलची गॅसची वीज एकाच जाळ्यात ५० हर्ट्झच्या तालावर चालते. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर लाइन जोडली, दक्षिणेचं जाळंही त्याच तालात आलं. जनित्र कुणी बनवलं हे वीज विचारत नाही. तिची खबर ऐरोलीच्या भार प्रेषण केंद्रात पोचवायची म्हटली की मात्र आपलं कुलूप आडवं येऊ शकतं.

कधी धक्क्यावर या. लाँचवर व्हीएचएफ कुठल्याही कंपनीचा असो, १६ नंबरला हाक मारली की गुजरातची बोट ऐकते, तटरक्षक दलही ऐकतं. (भांडणंही तिथेच होतात, ती गोष्ट वेगळी.)

आमची भाषा कुणाला कळत नाही म्हणून आम्ही सुरक्षित, असं आपण छातीठोक सांगता. पुण्याच्या त्या माणसाच्या खांद्यावरून मी पासवर्ड पाहिला. १२३४.

नवं पॅनेल ठरवलंय. १ ऑगस्टला बोटी सुटतात. त्याआधी बिऱ्हाड हलवावं. भाडं मागत नाही.

आपला,
एक बर्फवाला