लुकलुकणारी काडी

"भाऊ, मुनीमजीले ते लुकलुकणारी काडी दिसत नाही म्हणते," मिरचीच्या आडतीतून शेठच्या मुलाचा फोन आला.

"वय काय त्यांचं?"

"अडुसष्ट."

"मग डोळे तपासून घ्या."

पुण्यात सहा वर्षं नोकरी करून मी एवढं तरी शिकलो होतो : चूक नेहमी गिऱ्हाइकाची. शिवाय उमरेडात आपला दबदबा आहे. लोक बंद पडलेला मिक्सरसुद्धा 'इंजिनिअरले दाखवा' म्हणतात. आडतीचा हिशेबाचा प्रोग्राम मी एकट्यानं लिहिलेला. त्यात खोट?

आठवड्यानं पुन्हा फोन. डोळे ठीक, काडी गायब.

पहिली रात्र मी विंडोजला शिव्या घातल्या, दुसरी ग्राफिक्स ड्रायव्हरला. तिसऱ्या रात्री हाइडकॅरेट नावाची आज्ञा सापडली. टाइप करायच्या जागी लुकलुकणाऱ्या त्या काडीला विंडोजच्या भाषेत कॅरेट म्हणतात आणि तिला लपवण्याचा हिशेब चोख असतो. लागोपाठ पाच वेळा लपवली, तर पाच वेळा 'ये' म्हटल्याशिवाय ती येत नाही. चारात भागत नाही.

म्हणजे आमचे थोरले जावईच! लग्नाच्या पत्रिकेत नाव खाली छापलं, हा एक रुसवा. दुपट्टा हलका निघाला, दुसरा. टोपी धाकट्या जावयाला आधी घातली, तिसरा. वरणात तूप कमी, चौथा. प्रत्येकाची मनधरणी वेगळी. तुपाची माफी टोपीला चालत नाही. चारही माफ्या मागून झाल्या तरी जावई जानोशाबाहेर येईनात. पाचवा रुसवा कशाचा, हे कुणालाच आठवेना. खुद्द जावयांनाही आठवत नव्हतं, पण हिशेब म्हणजे हिशेब. शेवटी माझ्या वडलांनी नुसतेच हात जोडले, "जे काय असेल त्याची माफी." तेव्हा वरात हलली.

मी माझ्या कोडमधले रुसवे मोजले. सगळे फिटलेले होते.

चौथ्या दिवशी शिंकत शिंकत आडतीत गेलो. कीबोर्डवर मिरचीची लाल धूळ बसलेली, फक्त बॅकस्पेसची कळ लख्ख. मुनीमजी खातेवहीत धरावं तसं पडद्यावर बोट धरून बसले होते. एक आकडा टाकायचा, तो कुठे उमटला ते पाहायचं, चुकला की खोडायचा. पंधरा दिवस त्यांनी अशीच बिलं केली होती.

आणि मला रंग दिसला. राखाडी.

काडीला स्वतःचा रंग नसतो. खाली जे असेल त्याच्या ती उलट होते : पांढऱ्यावर काळी, काळ्यावर पांढरी. रंगाची मोजपट्टी ० ते २५५. मी प्रोग्राम देण्याच्या आदल्या रात्री, दिसायला पुण्याचं वाटावं म्हणून, चौकटींना १२८ नंबरचा राखाडी दिला होता. १२८ च्या उलट येतो १२७. राखाडीवर राखाडी! त्या चौकटीत एकदाही टाइप करून पाहिलं नव्हतं. रंगच तर बदलला होता!

"डॉक्टरनं डोळे चांगले सांगितले, तर काहून नाही बोलले मुनीमजी?"

"तू म्हणला डोये गेले. तू इंजिनिअर. मले वाटलं, डॉक्टरच चुकला."

चाळीस वर्षं ज्याच्या वहीत एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही, तो माणूस माझ्या एका वाक्यावर स्वतःला आंधळा समजत होता. मिरचीच्या आडतीत डोळ्यांत पाणी आलं तर कुणी कारण विचारत नाही, हे एक बरं.

चौकटी आता पांढऱ्या आहेत, काडीही विंडोजमधून जाड करून दिलीय. मुनीमजी मात्र अजून बोट धरूनच लिहितात. डॉक्टरवर त्यांचा भरोसा बसलाय. माझ्यावर अजून नाही.