शेगडी कशी निवडावी : स्वयंपाक न करणाऱ्यांसाठी सोपे धडे

जुनी गॅसची शेगडी बदलायची वेळ आली, हे ओळखायचं कसं? एक बर्नर पिवळा पेटून पातेल्यांची बुडं काळी करतोय, दुसऱ्याचं बटण पकडीने फिरवावं लागतंय, तिसरा पेटताना असा भपका मारतो की मांजर माळ्यावर जाऊन बसतं. घाबरू नका, ही बदलायची लक्षणं नव्हेत. याला 'अजून चालतेय की' असं म्हणतात आणि ते तुम्ही गेली काही वर्षं म्हणतच आला आहात. शेजाऱ्यांकडे चहाला गेल्यावर त्यांच्या ओट्यावर काळ्या काचेची चकचकीत शेगडी दिसली, की समजा वेळ आली.

हे धडे नवशिक्यांसाठी आहेत. नवशिका म्हणजे ज्याचा स्वयंपाकघराशी संबंध पाण्याची बाटली आणि शेवेचा डबा एवढाच, पण पैसे मात्र ज्याच्या मोबाइलवरून जायचे आहेत, असा माणूस. शेगडीतलं काही कळत नाही म्हणून खंत करू नका. बहुतेक शेगड्या तुमच्याचसाठी काढलेल्या असतात.

१. सोबत कोणाला न्यावं

रोज स्वयंपाक करणाऱ्या माणसाला दुकानात नेऊ नये. ही माणसं भलतेच प्रश्न विचारतात. 'कुकर आणि तवा शेजारी शेजारी बसतील का?' 'दूध उतू गेलं तर ते जाऊन साचणार कुठे?' 'खालचं पुसायला ही उचलता येईल का?' अशाने विक्रेत्याचा उत्साह मावळतो आणि सवलत कमी होते. अगदीच न्यावं लागलं तर रंग निवडायला न्या. रंग दोन असतात : काळा, आणि काळ्यावर फुलं.

पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना तर विचारायचंही नाही. त्या दिवसाला चार घरच्या चार शेगड्यांवर पोळ्या करतात. कुठल्या बर्नरवर पोळी फुगते, कुठल्यावर मधेच करपते, कुठलं बटण चटका देतं, हे त्यांना पाठ असतं. अख्ख्या सोसायटीत शेगड्यांची तुलनात्मक चाचणी घेतलेली ती एकच व्यक्ती, म्हणूनच धोकादायक. त्यापेक्षा मेव्हण्याला न्या. त्याने मागच्या वर्षी टीव्ही घेतला आहे.

२. मुहूर्त

साडेतीन मुहूर्तांपैकी दसरा किंवा पाडवा धरा. शेगडी मुहूर्तावर घेतली की बरकत येते; शिवाय दुकानात इतकी गर्दी असते की कोणी काही विचारू शकत नाही. ओटा आग्नेयेला नसेल तर तो विषय आत्ताच घरात काढू नका. नाहीतर शेगडीच्या खर्चात भिंत पाडण्याचा खर्च मिळवावा लागेल.

३. बर्नर किती असावेत

याचं सूत्र सोपं आहे : घरात माणसं जितकी कमी, तितके बर्नर जास्त. आठ जणांचं कुटुंब होतं तेव्हा दोन बर्नरवर सगळं निघत होतं. आता मुलगा बंगळुरूला, मुलगी टोरांटोला, आणि उरलेल्या दोघांना रात्री मुगाची खिचडी लागते. म्हणजे चार बर्नर हवेतच.

जुन्या लोकांशी या विषयावर बोलू नका. त्यांना गॅससाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबल्याचं आठवतं, खासदारांच्या कोट्यातून जोडणी मिळावी म्हणून घातलेले हेलपाटे आठवतात, आणि त्याआधीचा वातींचा स्टोव्ह आणि रॉकेलचा वासही आठवतो. पहिल्यांदा शेगडी आली तेव्हा तिचं एकमेव वैशिष्ट्य होतं, की ती पेटते. अशा माणसांना चौथ्या बर्नरचं महत्त्व कळणार नाही.

आता एक गोष्ट कानात सांगतो, दुकानात बोलू नका. चार बर्नर असले म्हणून चार भांडी बसतातच असं नाही. पाच लिटरचा कुकर एका बर्नरवर ठेवला, की त्याचं पोट शेजारच्या बर्नरवर येतं. पोळ्यांचा तवा ठेवला, की त्याचा दांडा मागच्या कढईत जातो. मागच्या दोन बर्नरवरचं हलवायला पुढच्या दोन ज्योतींवरून हात न्यावा लागतो, आणि त्या हाताबरोबर पदर किंवा ओढणीही जाते. म्हणून प्रत्यक्षात पुढचे दोन बर्नर चालतात आणि मागच्या दोनांवर तेलाची बरणी आणि मिठाचा डबा राहतो. घरचा कुकर आणि तवा पिशवीत घालून दुकानात नेले, तर हे पाच मिनिटांत कळतं. पण तसं करणं शोभत नाही. मोटार घेताना आपण चक्कर मारून बघतो ते ठीक. ती मोठी खरेदी असते, आणि ती आपण स्वतः चालवतो.

४. काच की स्टील

काच. यात विचार करायचाच नाही. स्टीलची शेगडी वर्षानुवर्षं टिकते, म्हणजे तेवढी वर्षं तीच बघावी लागते.

काच टफन्ड असते हे विक्रेता सांगेलच. मग तो तिच्यावर बोटाने टकटक करेल. तुम्हीही करा आणि मान डोलवा. टफन्ड काच बनवताना ती तापवून तिचे पृष्ठभाग झटकन गार करतात. त्यामुळे बाहेरचा थर आवळलेला राहतो, आतला ताणलेला. म्हणून ती साध्या काचेपेक्षा खूपच मजबूत असते, आणि म्हणूनच काठावर वर्मी ठेच लागली की तडा जाऊन थांबत नाही, सगळीच्या सगळी एका क्षणात चुरा होऊन ओट्यावर पसरते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दुकानात पहिली सांगतात.

माहितीपुस्तिका घरी आल्यावर वाचावी, आधी नाही. तिच्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं : तापल्या काचेवर ओलं फडकं फिरवू नये, गरम भांडं काचेवर उतरवू नये, फार रुंद बुडाची भांडी वापरू नयेत. कारण रुंद बूड ज्योतीची आच खाली काचेकडे ढकलतं. थोडक्यात, दिवाळीत चकलीची कढई, लग्नकार्याला पुरणाचं पातेलं आणि रोजच्या घाईत कुकर उतरवून बाजूला ठेवणं, एवढं सोडून इतर सगळा स्वयंपाक तिच्यावर करता येतो. वांगं भाजायचं असेल तर मात्र शेजाऱ्यांकडे जा. वांग्याचा रस गळून काचेवर चिकटला, की तो काढताना भरताची चव विसरायला होते.

काच पुसायला सोपी असते हे मात्र मान्य केलं पाहिजे. एक फडकं, आणि वरची बाजू लख्ख. खालच्या बाजूला झुरळं राहतात. त्यांचाही विचार कोणीतरी करायलाच हवा.

५. बर्नरचं नाव

बर्नर नावावरून निवडा. टोर्नॅडो, जंबो, टर्बो : नावात जितका वारा, तितकी शेगडी महाग. पितळेचा बर्नर चांगला म्हणतात, कारण तो वाकत नाही, गंजत नाही, घासून वर्षानुवर्षं वापरता येतो. तो हातात घेऊन वजन बघता येतं. पण दुकानात बर्नर उचलून बघणारं गिऱ्हाईक माहीतगार समजलं जातं, आणि माहीतगार माणसाला चहा मिळत नाही.

जंबो बर्नरवर चहाचं पातेलं ठेवलं, तर ज्योत बुडाखालून बाहेर येऊन पातेल्याच्या कानांपर्यंत जाते. गॅस पातेल्याभोवतीची हवा तापवतो आणि चहा आपल्या वेळेनेच होतो. ही अडचण दूर करायला कंपन्यांनी छोटा बर्नर दिलेला असतो. त्यावर मिठाचा डबा आहे.

आता एक आकडा, फक्त माहितीसाठी. भारतीय मानक आयएस ४२४६ प्रमाणे घरगुती एलपीजी शेगडीची औष्णिक कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते. म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमधल्या गॅसची साधारण साडेचार किलोइतकी उष्णता भांड्यात न जाता स्वयंपाकघर गरम करण्यात जाऊ शकते, आणि तरीही शेगडी नियमात बसते. तीच शेगडी ७५ टक्क्यांची असेल तर दर सिलिंडरमागे साधारण सव्वा किलो गॅस वाचतो. बीईई या सरकारी ऊर्जाबचत संस्थेचं तारांकित लेबल त्यासाठीच असतं. फ्रिज घेताना तारे मोजणारी माणसं शेगडी घेताना फुलं मोजतात. तुम्हीही फुलंच मोजा. तारे काळ्या काचेवर उठून दिसत नाहीत.

६. ऑटो इग्निशन

दुकानात गॅस नसतो. त्यामुळे शेगडी पेटवून बघता येत नाही, फक्त ऐकता येते. बटण दाबा, टकटकटक असा आवाज येईल. आवाज खणखणीत असेल तर शेगडी उत्तम. पहिल्यांदा दूध उतू गेलं, की ठिणगीच्या टोकाला साय चिकटते आणि त्यानंतर उरते ती नुसती टकटक. मग खणातला लायटर परत बाहेर येतो. तो मुळात कुठे गेलेलाच नसतो. घरच्यांना सगळं आधीच ठाऊक असतं.

७. जे विचारायचं नाही

यादी छोटी आहे, पण पाठ करा, म्हणजे चुकूनही तोंडून निघणार नाही.

बर्नरवरच्या स्टँडच्या काट्यांमध्ये अंतर किती, हे विचारू नका. मोठ्या पातेल्यांसाठी बनवलेल्या स्टँडवर फोडणीचं कढलं आडवं होतं आणि मोहरी ओटाभर तडतडते. घरात चहा एक कप होत असेल, तर त्याचंही भांडं लवंडतं.

शेगडी सिलिंडरची की पाइप गॅसची, हेही नको. एलपीजी आणि पाइपने येणाऱ्या नैसर्गिक वायूचा दाब वेगळा, आकारमानागणिक मिळणारी उष्णताही वेगळी. म्हणून आतल्या जेटचं भोक वेगळं लागतं. सिलिंडरची शेगडी तशीच पाइपला जोडली, तर ज्योत इतकी बारीक येते की वरण शिजेपर्यंत जेवायची वेळ टळते. उलट केलंत, तर ज्योत वर बघावी लागते. जेट बदलून घ्यायला फार वेळ लागत नाही, पण ते तुम्हाला आठवेल रविवारी दुपारी, पाहुणे आल्यावर.

ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद होतो का, हे तर अजिबात विचारू नका. बर्नरशेजारी एक छोटी दांडी असते; ज्योतीने ती तापलेली राहते तोवरच झडप उघडी राहते. दूध उतू जाऊन ज्योत विझली, की दांडी थंड होते आणि गॅस बंद. युरोपातल्या शेगड्यांवर ही सोय सर्रास असते. आपल्याकडे 'युरोपियन डिझाइन' म्हणून येणाऱ्या शेगडीत युरोपातून काळा रंग येतो, गोल बटणं येतात, नाव येतं. ही दांडी बहुधा विमानतळावर राहते. विचारलंत तर विक्रेता आतल्या खोलीत जाऊन साहेबांना विचारून येईल, आणि साहेब म्हणतील, 'नवीन मॉडेलमध्ये येणार आहे.'

नारिंगी सुरक्षा नळीवरची तारीख बघायची नाही. ती पाच वर्षांनी बदलायची असते, आणि तुमची किती जुनी आहे हे कळलं तर आज रात्री झोप लागणार नाही. मी तुमच्या झोपेचा विचार करतो.

८. ज्यांच्याकडे पैसे जास्त आहेत

त्यांनी हॉब घ्यावा. हॉब म्हणजे ओट्याच्या ग्रॅनाइटला भोक पाडून त्यात बसवलेली शेगडी. ग्रॅनाइट कापणारा कारागीर विचारतो, 'साहेब, नक्की ना?' नक्की म्हणा. काही वर्षांनी हॉब बिघडला आणि ते मॉडेल बंद झालं असेल, तर ओट्यातल्या भोकाच्या मापाचा दुसरा शोधत मुंबईच्या तांबाकाट्यापासून नाशिकच्या भांडी बाजारापर्यंत फिरता येतं. निवृत्तीनंतर माणसाला काही उद्योग हवाच.

९. घरी आल्यावर

नवी शेगडी जोडा, हळदकुंकू वाहा, आणि तिच्यावर पहिल्यांदा दूध तापवून मुद्दाम उतू घाला. सहाव्या धड्यात दुधाचं काय होतं हे सांगितलं असलं, तरी शास्त्र ते शास्त्र. फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाका. किंमत विचारली तर शेजाऱ्यांना थोडी वाढवून सांगा, आईला निम्मी.

जुनी शेगडी बदलीत देऊ नका. तिची किंमत म्हणून दुकानदार जे कापून देतो, तेवढं त्याने नव्या शेगडीत आधीच मिळवलेलं असतं. तिला मागच्या बाल्कनीत ठेवा, प्लॅस्टिक घालून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी येतील. पदर खोचून ओट्यापाशी उभ्या राहतील, तवा एकदा डावीकडे ठेवून बघतील, एकदा उजवीकडे. काही बोलणार नाहीत. मग बाल्कनीच्या दाराकडे बघत विचारतील, 'दादा, जुनीची नळी काढून टाकली का?'

उत्तर देऊ नका. पेपर वर धरा आणि चिमणीच्या जाहिराती वाचायला घ्या.