पोटभर विनोद

विनोदी चित्रपटाचं परीक्षण म्हणजे डाव्या हाताचा मळ, असं आमच्या संपादकांचं ठाम मत आहे. "हसू आलं का ते लिहा, का आलं ते लिहा, झालं!" हसू आलं का, हे एका शब्दात उरकतं. का आलं, हे लिहायला बसलं की आलेलं हसूही जातं.

चित्रपट होता 'मॉण्टी पायथन्स द मीनिंग ऑफ लाइफ'. १९६९ पासून बीबीसीवर धुमाकूळ घातलेल्या सहाजणांच्या कंपूचा हा १९८३ चा चित्रपट म्हणजे जन्मापासून मरणापर्यंतची स्किटं. फिल्म क्लबच्या अंधारात मी टिपणं काढली. उजेडात वाचली तर "यंत्र, पिंग!", "म्हातारे कारकून, इमारत हाकारली" आणि "पुदिना!!!" एवढंच लागलं.

तेवढ्यात भाचीचं केळवण आलं. "भाऊजी, सध्या काय पाहिलंत?" मेव्हणीनं विचारलं. म्हटलं, परीक्षणाची रंगीत तालीम इथेच करावी. सुरुवात सोज्वळ ठेवली. प्रसूतिगृहात डॉक्टर एकेक महागडं यंत्र मागवतात, त्यातलं एक नुसतं 'पिंग' करतं, आणि या गर्दीत बाळंतीण कुठे आहे हेच कुणाला आठवत नाही. साडू गंभीरपणे म्हणाले, "यात विनोद काय? आईचं मागच्या वर्षीचं बिल दाखवू?"

मी ओशाळून ताटात बघतोय तोच मेव्हणी जिलबी घेऊन आली. "भाऊजी, एकच. एवढीश्शी!" आणि मी फिस्सकन हसलो. मठ्ठा नाकात गेला. मग काय, "आम्हालाही सांगा ना!"

सांगितलं. रेस्टॉरंटात एक अगडबंब गृहस्थ येतो, बादली मागवतो, ओकत ओकत सगळा मेन्यू संपवतो. शेवटी वेटर अदबीनं पुदिन्याची एक पातळशी चकती पुढे करतो. तो नको नको म्हणत खातो आणि फुटतो.

पंगतीत शांतता पसरली. भाचीनं पान बाजूला सारलं. जिलबीचं ताट आत गेलं ते गेलंच. बायकोनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिचं परीक्षण मी लिहिणार नाही.

पडद्यावर याच प्रसंगाला सगळं सभागृह लोळत होतं. कारण तिथे जॉन क्लीजचा वेटर आहे. समोर एवढा हलकल्लोळ चालला तरी त्याची अदब तसूभर ढळत नाही. आणि गिऱ्हाईक झालेला टेरी जोन्स, जो या चित्रपटाचा दिग्दर्शकही आहे, त्याच्या चेहऱ्यावर कायमचा वैताग आहे. अदब आणि वैताग वगळून सांगितलं की मागे उरते ती बादली.

बाकी चित्रपट कमी-जास्त आहे. काही स्किटं संपायचं विसरतात. कान महोत्सवात याला ज्यूरींचं विशेष पारितोषिक मिळालं, तरी मला सगळ्यांत आवडला तो सुरुवातीचा टेरी गिलियमचा लघुपट. त्यात पिचलेले म्हातारे कारकून बंड करून कचेरीची इमारतच जहाजासारखी हाकतात.

तेव्हा चित्रपट जरूर पाहा, पण उपाशीपोटी. आणि कुणी गोष्ट विचारली तर सांगू नका, त्यालाही पाहायला बसवा.