शेवटची गाडी, तोयोचोपर्यंत

टोकियोत शिकणाऱ्या माणसाला रात्री उशिरापर्यंत भटकायचं असेल, तर पैसे, मित्र आणि धाडस यांच्या आधी वजाबाकी यावी लागते. इथली रेल्वे मध्यरात्रीनंतर तासाभरात झोपी जाते आणि पहाटे पाचच्या सुमारास उठते. मधल्या वेळात तुम्ही जिथे असाल तिथले. म्हणून जपानी माणूस पहिला ग्लास उचलण्याआधी मनात ‘शूदेन’ची, म्हणजे शेवटच्या गाडीची वेळ धरतो, त्यातून स्टेशनापर्यंत चालायची मिनिटं वजा करतो आणि मगच निर्धास्तपणे बेताल होतो.

आमची प्रयोगशाळा ताकादानोबाबा भागात आहे. वस्ती विद्यार्थ्यांची. शुक्रवारी रात्री स्टेशनासमोरच्या चौकात निम्मं विद्यापीठ उभं असतं आणि उरलेलं आडवं. चित्रकथाकार ओसामु तेझुकांचा ॲस्ट्रो बॉय, तो रोबो पोरगा, कथेप्रमाणे याच भागात जन्मला. म्हणून इथल्या जेआर स्टेशनात गाडी सुटताना त्याच्या गाण्याची धून वाजते. माझी खोली मात्र निशी-कासाईला, तोझाई लाइनने थेट शहराच्या दुसऱ्या अंगाला. 2000 सालच्या संगणकी घोळाच्या निमित्ताने आलेले भारतीय इंजिनियर तिथे राहिले, त्यांच्यामागून तूरडाळ आणि कढीपत्ता आला, आणि 2019 मध्ये तर पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक तिथल्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून गेले. डाळीपायी मी तिथे घर केलं. डाळ मिळाली, पण पार्टीहून परतताना अख्खं टोकियो आडवं कापावं लागतं.

पार्टी होती नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताची, एप्रिलमधली. अशा पार्टीला एक ‘कान्जी’ असतो. जागा ठरवणं, वर्गणी गोळा करणं, कोण काय पितो हे लक्षात ठेवणं ही सगळी त्याची कामं. आमचा कान्जी ही कामं एक्सेलमध्ये करत असे. इझाकायात, म्हणजे जपानी पिण्या-खाण्याच्या दुकानात, बसल्याबसल्या न मागवलेली एक चिमुकली वाटी प्रत्येकापुढे आली. तिचे पैसे बिलात लागतात, कारण तो बसण्याचा मान आहे. मी शाकाहारी म्हणून माझ्यासाठी तळलेला टोफू मागवला गेला. तो आला तेव्हा त्यावर वाळवलेल्या माशाचे कागदासारखे पातळ काप वाफेने वळवळत होते. “यात मासा आहे,” मी म्हटलं. “छे, हा मासा नाही, ही फक्त चव आहे,” एका सेन्पाइने, म्हणजे वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्याने, समजूत घातली. मी उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा सोलत बसलो. प्रयोगशाळेचे सर मात्र थोड्या वेळाने उठले, दहा हजार येनची नोट कान्जीच्या हातात ठेवली आणि निघून गेले. ते जाताच दोन सेन्पाइ सोया सॉसची बाटली माइकसारखी धरून गायला लागले.

दोन तास हवं तेवढं प्या, अशी बोली होती. दोन तास संपले, कान्जीने सगळ्यांना उभं केलं, हात पुढे धरायला लावले, “इयोऽऽ” अशी आरोळी दिली आणि सर्वांनी मिळून एकच टाळी वाजवली. पार्टी अधिकृतपणे संपली. मला वाटलं, आता घरी. पण पुण्यात पाहुणे “येतो” म्हणाल्यावर फाटकाशी जसा दुसरा अंक सुरू होतो, तसा तो इथेही झाला. मंडळी दुकानाच्या दारातच गोल करून उभी. कोणी निघेना, कारण पहिलं कोणी निघायचं हे ठरेना. एक वाकला की दुसरा त्याहून खाली वाकायचा. माझी वजाबाकी तयार होती, पण त्यात नमस्कारांची मिनिटं धरलेली नव्हती.

धावत जाऊन मिळाली ती खरोखरच शेवटची गाडी. पाटीवर लिहिलं होतं: तोयोचोपर्यंत. निशी-कासाई त्याच्या पुढे दोन स्टेशनं, आणि मध्ये नदी.

तोयोचोला डबे रिकामे झाले, म्हणजे जागी माणसं उतरली. झोपलेल्यांना हातमोजे घातलेला एक कर्मचारी एकेक करून उठवत होता. हाक मारायची, वाकायचं, पुन्हा हाक मारायची. एका साहेबांनी डोळे न उघडता त्याला आपलं ओळखपत्र दाखवलं. बाहेर टॅक्सीसाठी रांग होती, तीही सरळ. इथे टॅक्सीचं दार आपोआप उघडतं. रात्री दहा ते पहाटे पाच, वीस टक्के जादा भाड्यात तेवढं पाहायला मिळतं. महिन्याच्या डाळीचा हिशेब करून मी चालू लागलो.

कासाई पुलावर वारा अंगावर येत होता. पुढे एक टायवाले काका, बॅग छातीशी धरून, माझ्याच दिशेने. रांगेला कंटाळून निघालेले. मला पाहून थांबले. “इंदो?”

“हो.”

“मग एकोणीस गुणिले एकोणीसपर्यंत येतं?”

भारतात पोरं पाळण्यातच एकोणिसापर्यंत पाढे म्हणतात, असा जपानमध्ये एक समज आहे. देशाची अब्रू पणाला लागली. मी सुरू केलं, “सत्रा एके सत्रा, सत्रा दुणे चौतीस…” काकांना ठेका आवडला. ते पावलांनी ताल धरू लागले. सत्रा चोक अडुसष्टला आम्ही पुलाच्या मध्यावर होतो. मग त्यांनी परतफेड केली: खाली वाहते ती अराकावा इथे माणसांनी खोदलेली आहे. 1910 च्या महापुराने टोकियो बुडालं, तेव्हा पाण्याला वेगळी वाट काढून दिली. काम 1930 मध्ये पुरं झालं. “अख्खी नदी!” ते म्हणाले. “आणि आम्हाला रात्री एकची गाडी सोडता येत नाही.”

तेवढ्यात फोन वाजला. पुण्यात रात्रीचे पावणेदहा झाले होते.

“अरे, वाऱ्याचा आवाज कसला येतोय?”

“पुलावर आहे, आई.”

“इतक्या रात्री? एकटा?”

“नाही, एक काका आहेत.”

“कोण काका?”

“माहीत नाही. त्यांना पाढे म्हणून दाखवतोय.”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, “जेवलास का?”

सोमवारी प्रयोगशाळेत त्या रात्रीचा कोणी उल्लेखही केला नाही. बाटलीत गाणारा सेन्पाइ पांढऱ्या सदऱ्यात आलेख समजावत होता. दुपारी कान्जीचा मेल आला: जमाखर्च, प्रत्येकाचे परत करायचे सुटे येन, आणि तक्त्यात एक नवा रकाना, ‘शेवटची गाडी’. माझ्या नावापुढे लिहिलं होतं: ‘तोयोचो; पुढे पायी.’ खाली पुढच्या पार्टीचा कार्यक्रम होता.

‘टाळी: 11:10. दारात उभं राहणं: 11:10 ते 11:40.’